घर शांत हवंय? मग आधी लाकूड ओळखा!

दिवसभर स्क्रीनकडे बघून शिणलेले डोळे घरी आले की त्यांना काय दिसतं? चकचकीत सनमायका, निळे एलईडी आणि थ्रीडी वॉलपेपर! थोडं लाकूड, थोडा दगड, थोडं सूत आणि बरीचशी मोकळी जागा... शांत घराचा हा फॉर्म्युला साधा आहे आणि खिशाला झेपणाराही.

फ्लॅटचा ताबा मिळतो. हातात किल्ली, डोक्यावर वीस वर्षांचा ईएमआय. आणि त्याच आठवड्यात फोन सुरू होतात. ‘सर, टू बीएचके फुल इंटिरियर पॅकेज आहे. मॉड्युलर किचन, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, तीन वॉर्डरोब... पंचेचाळीस दिवसांत हँडओव्हर!’ सोबत थ्रीडी चित्रं येतात. चित्रातलं घर झकास दिसतं. त्यात फक्त माणसं नसतात, वाळत घातलेले टॉवेल नसतात आणि आईने गावाहून पाठवलेली लोणच्याची बरणी तर नसतेच नसते.

पॅकेजवाल्यांचा दोष नाही. प्रत्येक भिंतीवर काहीतरी लावलं तरच त्यांचं बिल होतं. प्रश्न आपला आहे. आपल्याला घर भरायचंय की घरात निवांत बसायचंय?

हल्ली ‘जापंडी’ नावाचा ट्रेंड जोरात आहे. जपानी साधेपणा अधिक स्कँडिनेव्हियन लाकूडकाम, असं ते कॉम्बिनेशन. फिकट लाकूड, पांढऱ्या भिंती, खाली बसायची बैठक. दिसायला मस्तच! पण गंमत बघा, यातलं बरंचसं आपल्याकडे आधीपासून होतं. पुण्यात शनिपाराजवळचा विश्रामबागवाडा बघितलाय? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. त्याचे कोरीव लाकडी खांब आणि सज्जा बघताना डोळा अडखळत नाही. लाकूड, चुना, दगड, मधला चौक. मोजकंच साहित्य, पण सगळं खरं. आजोळच्या घरातला पाट, चौरंग, फडताळ आणि शिसवी पलंग आठवा. तिथे दुपारी गाढ झोप का लागायची, याचं उत्तर थोडंफार त्यात आहे.

वाडा काही आपण सहाशे चौरस फुटांत आणू शकत नाही. पण त्यातली युक्ती नक्की आणू शकतो.

लाकूड की लाकडाचा फोटो?

सगळ्यात आधी एक छोटीशी परीक्षा. दुकानात ‘वुडन फिनिश’ म्हणून जे दाखवतात, त्यात लाकूड किती असतं?

सनमायका, म्हणजे लॅमिनेट, हा मुळात कागद असतो. रेझिनमध्ये बुडवलेल्या कागदाच्या थरांवर लाकडाच्या नक्षीचा छापील कागद ठेवायचा आणि उष्णता व दाब देऊन पत्रा बनवायचा. म्हणजे तुम्ही दारावर लाकूड नाही, लाकडाचा फोटो लावताय! तो टिकाऊ आहे, पुसायला सोपा आहे, स्वयंपाकघरात तर एकदम कामाचा. पण तो म्हातारा होत नाही, तो खराब होतो. कोपरा उडाला की आतलं तपकिरी दिसायला लागतं, आणि मग ते झाकायचं कसं हा प्रश्न.

व्हीनियर हे खरं लाकूड, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं, प्लायवर चिकटवलेलं. रेषा खऱ्या असतात, स्पर्शही बऱ्यापैकी खरा. मात्र ओरखडा खोल गेला तर घासायला फार काही उरत नाही.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेला बोर्ड. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तुकडे गोंदात दाबून केलेले बोर्ड. ‘इंजिनिअर्ड वुड’ हे भारदस्त नाव या सगळ्यांनाच चालतं. त्यामुळे ऑनलाइन ऑर्डर देण्याआधी त्या शब्दाखाली नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

आणि शेवटी सॉलिड वुड. सागवान, शिसव, आंबा, फणस, रबरवूड. हे ओळखायची सोपी खूण सांगू? फळीची कड बघा. वरची रेष कडेवरून खाली उतरलेली दिसली, तर लाकूड अस्सल. वर एक डिझाइन आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल, तर आत काहीतरी दुसरंच आहे.

हात लागतो तिथे खरं

मग काय, सगळं सागवानाचं करायचं? छे! ईएमआय कोण भरणार?

इथे एक साधा नियम कामाला येतो. जिथे रोज हात, पाय किंवा पाठ टेकते, तिथे खरं साहित्य. बाकी ठिकाणी प्लाय चालेल. वॉर्डरोबच्या आतल्या कप्प्यांना आपण प्रेमाने हात लावत नाही. पण जेवणाचं टेबल, खुर्चीचा हात, पलंगाची कड, ड्रॉवरची मूठ, दार, उंबरा... यांच्याशी आपली रोजची ओळख असते. खर्च तिथे करा.

हिशेब मांडून बघू. सुताराकडे लाकूड घनफुटाने मोजतात. चार फूट बाय अडीच फूट टेबलाची एक इंच जाडीची फळी धरली, तर ते होतं 10 चौरस फूट भागिले 12. म्हणजे 0.83 घनफूट. एक घनफूटसुद्धा नाही! पाय, खालच्या पट्ट्या आणि कापताना वाया जाणारं लाकूड धरलं तरी दोन-अडीच घनफुटांत चौघांचं टेबल बसतं. आता तुमच्या भागातल्या लाकडाच्या वखारीत जाऊन सागवानाचा घनफुटाचा भाव विचारा, सुताराची मजुरी मिळवा आणि पॅकेजमधल्या टीव्ही युनिटच्या आकड्याशेजारी ठेवा. बऱ्याचदा आकडा बघून आपणच चकित होतो.

सागवानाला पर्याय आहेतच. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि दिसायला छान, पण त्याला कीड लवकर लागते. रबरवूड फिकट रंगाचं, ‘जापंडी’ लूकसाठी एकदम फिट. रबराच्या मळ्यात चीक देऊन थकलेली झाडं तोडतात, त्याचं हे लाकूड. त्यालाही किडीची भीती असते, म्हणून ट्रीटमेंट केलेलंच घ्या. कोकणात फणसाचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. नवं असताना पिवळंधमक, आणि वर्षं सरतील तसं गडद तपकिरी होत जाणारं.

सागवानात मात्र आपल्या राज्याची ऐट आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं, आलापल्ली-बल्लारशाच्या नावाने ओळखलं जाणारं सागवान देशभर जातं. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहूनच सागवान रवाना झालं होतं. सागवानाच्या गाभ्यातच तेलकट द्रव्यं असतात, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण हे गाभ्याबद्दल बरं का! झाडाच्या सालीलगतचा पांढुरका भाग, त्याला ही सवलत नाही. फळीत असा पांढरा पट्टा दिसला तर सुतारकाकांना विचारा, ‘काका, हा भाग टाळता येईल का?’ त्यांच्या लगेच लक्षात येईल की हे गिऱ्हाईक अभ्यास करून आलंय.

आणि एक, जुनं लाकूड! वाडे आणि चाळी पाडल्या की त्यांची दारं, तुळया, खिडक्या बाजारात येतात. पुण्याचा जुना बाजार आणि भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत चोरबाजार आणि ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट, एका रविवारी चक्कर मारून बघा. जुन्या लाकडाने कित्येक पावसाळे पाहिलेले असतात, त्यामुळे ते आता फारसं वाकत-तडकत नाही. जुन्या दाराचं टेबल किंवा तुळईचा बाक, एकच वस्तू घ्या. अख्खी खोली तिच्याभोवती आपोआप जमते. घेताना दोन गोष्टी बघा. बारीक भोकं आणि त्यातून पडणारी पिठासारखी भुकटी दिसली तर वस्तू सोडून द्या. आणि खिळे सगळे काढलेत ना, ते सुताराकडून तपासून घ्या.

पावसाळा हा खरा परीक्षक

लाकूड कापलं तरी त्याचा श्वास चालू असतो म्हणतात, ते उगाच नाही. हवेत ओलावा वाढला की ते फुगतं, कमी झाला की आकसतं. आणि हे प्रामुख्याने रुंदीत होतं, लांबीत जवळजवळ नाही. जुलैमध्ये बाथरूमचं दार अडकतं आणि डिसेंबरात पुन्हा नीट लागतं, त्याचं कारण हेच.

म्हणून सुताराला दोन गोष्टी विचाराच. पहिली, ‘लाकूड सीझन केलेलं आहे का?’ म्हणजे नीट वाळवलेलं. फर्निचरसाठी लाकडातला ओलावा साधारण 8 ते 12 टक्क्यांच्या आसपास असावा असं धरतात. ओलावा मोजायचं छोटंसं मीटर मिळतं, दोन टोकं फळीला टेकवली की आकडा दिसतो. दुसरी, ‘टेबलाची फळी खाली घट्ट ठोकणार आहात की तिला हलायला जागा ठेवणार?’ फळी चारी बाजूंनी स्क्रूने आणि फेविकॉलने जखडली तर ती पावसाळ्यानंतर तडकू शकते. स्क्रूसाठी लांबट भोक पाडलं की प्रश्न मिटतो.

प्लाय घेतानाही नंबर बघा. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानात फार ढिलेपणाने वापरतात. एमआर ग्रेड म्हणजे फक्त दमट हवेला तोंड देणारा प्लाय, सांडलेल्या पाण्याला नाही. सिंकखाली आणि बाथरूमलगतच्या भिंतीला बीडब्ल्यूपी ग्रेडचा, आयएस 710 मानकाचा प्लाय लावा. या मानकाच्या चाचणीत प्लाय 72 तास पाण्यात उकळतात, मग त्याचा गोंद तपासतात. आयएसआयचा शिक्का शीटवर आहे का ते स्वतः बघा. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवण्याआधी त्या भिंतीला ओल येते का, हे एक पावसाळा थांबून बघता आलं तर फारच उत्तम.

‘नव्या घराचा वास’ म्हणजे नेमकं काय?

नवीन फर्निचर झालं की घरात एक तिखट वास भरून राहतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. आपण म्हणतो, ‘नवं आहे ना, म्हणून!’

हा वास नुसता नवेपणाचा नसतो. प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो, त्याचा त्यात मोठा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये या वायूला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. 2010 मध्ये संघटनेने घरातल्या हवेसाठी मर्यादाही सांगितली. एक घनमीटर हवेत 0.1 मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीने.

घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू जास्त सुटतो, आणि काही महिन्यांत त्याचं प्रमाण उतरत जातं. म्हणून बोर्ड घेताना ई0 किंवा ई1 ग्रेड मागा. ई0 मध्ये उत्सर्जन आणखी कमी. बोर्डच्या सगळ्या कडा, मागच्या आणि आतल्यासुद्धा, पट्टी लावून बंद करून घ्या. काम संपल्याबरोबर राहायला न जाता, जमतील तितके दिवस खिडक्या उघड्या ठेवा. वर्क फ्रॉम होम करणाऱ्यांनी तर हे मनावर घ्याच. दिवसातले दहा-बारा तास एकाच खोलीत दार लावून, एसी सुरू करून बसायचं, तर त्या खोलीत बोर्ड जितका कमी तितकं बरं. बेडरूममध्ये भिंतभर पॅनेलिंग खरंच हवंय का, हे ठरवताना फक्त लूकचा विचार करू नका.

पॉलिशचंही तसंच. पीयू पॉलिश टिकाऊ आणि पाण्याला दाद न देणारं. पण लाकडाचा स्पर्श हवा असेल तर तेल-मेणाचं फिनिश करून बघा. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, तेही सुंदरच. फक्त गरम चहाचा कप ठेवला की पांढरी चकती उठते. जवसाच्या तेलाने स्वतः पॉलिश करणार असाल तर एक सूचना काटेकोर पाळा. तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

दगड, सूत आणि बांबू

लाकूड एकटं छान दिसत नाही, त्याला सोबत लागते. पण सोबत मोजकीच. एका खोलीत तीन साहित्यं पुरेत. लाकूड, पांढरी भिंत आणि तिसरं काहीतरी एक.

दगड हवा असेल तर इटालियन मार्बलकडे धावायची गरज नाही. राजस्थानचा निळसर-हिरवा कोटा, आंध्रचा काळा कडप्पा, कर्नाटकातली शहाबादी फरशी. आपल्या आयांनी याच फरशीवर आयुष्य काढलं. खिडकीची कट्टी, बाल्कनीतली फरशी किंवा टेबलाचा वरचा भाग, एवढ्यापुरता हा दगड लावून बघा. फक्त हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, कोकम, व्हिनेगर सांडलं की डाग उठतो. त्यामुळे ओट्यावर लावणार असाल तर फडकं हाताशी ठेवा.

बिल्डरने दिलेल्या चकचकीत टाइल्स आवडत नाहीत? फोडू नका. खर्च, धूळ आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार, तिन्ही टळेल. त्यावर सुती सतरंजी, ज्यूटची चटई किंवा सोलापुरी चादर टाका. पडदे खादीचे किंवा साध्या सुती कापडाचे. आजीची गोधडी सोफ्याच्या पाठीवर टाका, बाजारातला कुठलाही थ्रो तिच्यापुढे फिका पडतो!

बांबूही आता गावाकडचा राहिलेला नाही. 2017 मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो तोडणं आणि विकणं सोपं झालं. सागवान तयार व्हायला दशकं लागतात, बांबू तीन-पाच वर्षांत कापणीला येतो. मेळघाटातल्या लवाद्यात आणि सिंधुदुर्गात कुडाळला बांबूच्या वस्तू बनवणारी केंद्रं उभी राहिली आहेत. दिव्याची शेड, पार्टिशन, छोटा रॅक यासाठी बांबू मस्तच. बोरॅक्स-बोरिकची ट्रीटमेंट झालीय ना, एवढं मात्र विचारा.

शांतता कानांनाही हवी

रिकाम्या फ्लॅटमध्ये एक टाळी वाजवा. ‘टण्ण’ असा आवाज घुमतो ना? टाइल्स, काच आणि पीओपी, सगळे कठीण पृष्ठभाग आवाज परतवून लावतात. कुकरची शिट्टी, फोनवरची मीटिंग आणि रस्त्यावरचा हॉर्न मिळून डोकं उठतं. जाड पडदे, चटई, पुस्तकांनी भरलेलं शेल्फ, गाद्या-उशा हे आवाज शोषून घेतात. आठवडाभराने पुन्हा टाळी वाजवून बघा, फरक कळेल.

उजेडाचंही तेच. 6500 केल्विनची पांढरीफटक ट्यूब ऑफिसला शोभते. तिच्या प्रकाशात सागवानसुद्धा आजारी दिसतं. संध्याकाळसाठी 2700 ते 3000 केल्विनचे उबदार दिवे घ्या, जमल्यास सीआरआय 90 किंवा त्याहून जास्त असलेले, म्हणजे लाकडाचा रंग खरा दिसतो. छताला एक भगभगीत दिवा लावण्यापेक्षा कोपऱ्यात दोन छोटे दिवे बरे. आणि फॉल्स सीलिंग? आधीच बेताच्या उंचीच्या फ्लॅटमधले काही इंच ते खातं. वायरी लपवायच्या असतील तेवढ्याच पट्ट्यात करा.

भाड्याच्या घरात काय?

अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, भिंतीला खिळा ठोकायचीही चोरी. मग हे सगळं दुसऱ्यांसाठीच का? उलट! भिंतीला ठोकलेलं सगळं घराचं होतं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं फर्निचर आपलं राहतं. भिंतभर केलेला वॉर्डरोब घर सोडताना तिथेच राहतो, किंवा उचकटला की त्याचा भुगा होतो. पण सुट्टं टेबल, सुट्टं कपाट, सुट्टा पलंग तुमच्याबरोबर टेंपोत चढतो. आज कोथरूड, उद्या ठाणे, परवा बंगळुरू. म्हणूनच स्वतःचं घर असलं तरी फिक्स्ड काम शक्य तितकं कमी ठेवा. नोकरी बदलते, शहर बदलतं, घरात पाळणा येतो. फर्निचर हलवता आलं पाहिजे.

मग सुरुवात कुठून?

• ताबा मिळाल्यावर सगळं एकदम करू नका. गादी, टेबल, दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघर एवढ्यावर दोन-तीन महिने राहा. ऊन कुठून येतं, आपण नेमके कुठे बसतो, हे तेव्हा कळतं.

• बजेटमधली पहिली रक्कम एका खऱ्या लाकडी वस्तूसाठी बाजूला काढा. टेबल सगळ्यात उत्तम. त्यावर जेवण होतं, लॅपटॉप बसतो आणि रात्रीच्या गप्पाही रंगतात.

• घरात लाकडाचे रंग दोनच ठेवा, एक फिकट आणि एक गडद.

• पसारा दिसू नये म्हणून बंद कपाटं, आणि आवडत्या मोजक्या वस्तूंसाठी एकच उघडं शेल्फ. शेल्फ भरलं की नवीन वस्तू आणायच्या आधी जुनी कुणाला तरी देऊन टाका.

• कोटेशनमध्ये ‘प्लाय’ एवढंच लिहिलेलं मान्य करू नका. ग्रेड, जाडी आणि आयएस नंबर लिहून घ्या.

पॅकेजमधलं घर पहिल्या दिवशी सगळ्यात सुंदर दिसतं आणि मग दरवर्षी थोडं थोडं उतरत जातं. खऱ्या लाकडाचं उलट असतं. सागवानाची नवी फळी सुरुवातीला जरा ठिपक्याठिपक्यांची, ओबडधोबड रंगाची दिसते. उन्हा-वाऱ्यात काही महिने राहिली की तिला एकसारखा सोनेरी रंग चढतो. त्यावर चहाचे डाग पडतील, पोरांच्या पेनाच्या रेघा उमटतील. दहा वर्षांनी सुतारकाका येऊन रंधा मारतील, तेल लावतील आणि टेबल पुन्हा नवं होईल. तोपर्यंत ईएमआयचा अर्धा रस्ताही सरलेला असेल!